अंदमानात डुबकी आधी, जेल शेवटी

दिवाळीच्या सुट्टीत सातारा-सांगलीची बरीच कुटुंबे पहिल्यांदाच अंदमानला निघतात. चार-पाच दिवस हातात आणि प्रत्येक तास बांधलेला. त्यात स्कूबा डायव्हिंग 'वेळ उरला तर' म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलले जाते. चूक इथेच होते.

समुद्रात दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि सिलिंडरमधल्या हवेतला नायट्रोजन शरीरात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. तेवढ्यात विमानात बसले तर पंचाईत. उडत्या विमानात हवेचा दाब महाबळेश्वरपेक्षाही कमी असतो. सोड्याची बाटली उघडावी तसे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, चक्कर येते. प्रवासाचा शीण समजून गोळी घेतली जाते. उपचार मात्र ऑक्सिजन आणि दाबकक्षाचा असतो.

एकाच उथळ डुबकीत धोका कमी, हे खरे. तरीही तिच्यानंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमान टाळावे, असा सल्ला दिला जातो. सहल आखणाऱ्यांनी स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, आधी आणि सेल्युलर जेल शेवटी ठेवायला काय हरकत आहे? पृष्ठभागावर तरंगत केलेले स्नॉर्केलिंग शेवटच्या दिवशीही चालते.

सर्दीने नाक चोंदले असेल, तर मात्र भरलेले पैसे सोडून द्यावेत. कानाचा पडदा फाटू शकतो. आणि अर्जात दम्याचा प्रश्न असतो, तो वाचून खरे उत्तर लिहावे.