ज्ञानविहार : दक्षिण ध्रुवाकडील वोल्थाट पर्वत

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत अकोले तालुक्याच्या सीमेवर कळसूबाईचें १६४६ मीटर उंचीचें शिखर आहे. महाराष्ट्रांत याहून उंच शिखर नाहीं. तथापि तें अमक्यानें अमक्या सालीं शोधून काढलें, असें कोणी म्हणत नाहीं. पायथ्याच्या लोकांस तें पूर्वापार ठाऊकच होतें. केर काढावयाचा नाहीं व भांडीं घासावयाचीं नाहींत, या अटीवर एका घरीं राहिलेली कळसू नांवाची मुलगी अट मोडली जातांच डोंगरावर निघून गेली, अशी कथा तेथें सांगतात. घरच्या लेकीचें नांव असें शिखरास मिळालें. परंतु ज्या पर्वताच्या आसपास मनुष्यवस्ती कधींच नव्हती, त्यास नांव कोणीं द्यावें, आणि त्याचा शोध लागला असें केव्हां म्हणावें? दक्षिण ध्रुवखंडांतील वोल्थाट पर्वताची हकीकत या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे.

हा पर्वत त्या खंडाच्या आफ्रिकेकडील अंगास, सुमारें ७१ दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे पसरला आहे. त्याचा पुष्कळसा भाग बर्फांत बुडालेला असून माथे तेवढे वर दिसतात. भंडारदऱ्याचें १९२६ सालीं पुरें झालेलें धरण कळसूबाईच्या परिसरांत प्रवरेचें पाणी अडवितें, त्याप्रमाणें हा पर्वत आंतील पठारावरच्या बर्फास अडवून धरतो. मात्र शिखरांमधील वाटांनीं तें बर्फ अत्यंत मंद गतीनें समुद्राकडे सरकत असतें. त्याच्या ग्रूबर नामक भागांत उंटरझे हें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्याचा पृष्ठभाग बाराही महिने गोठलेला असतो. तेथील कड्यांच्या कपारींत पेट्रेल जातीचे शुभ्र समुद्रपक्षी घरटीं करतात, आणि पिलांच्या चाऱ्यासाठीं शंभराहून अधिक किलोमीटर उडून समुद्र गांठतात!

या पर्वताचें प्रथम दर्शन विमानांतून झालें. डिसेंबर १९३८ मध्यें आल्फ्रेड रिट्शर यांच्या नेतृत्वाखालीं 'श्वाबेनलांट' हें जहाज हँबुर्गहून निघालें. देवमाशांच्या तेलाचा व्यवसाय जर्मनीस चालवितां यावा, म्हणून त्या बाजूस पाय रोवावयाचा, हा मुख्य हेतु होता. जानेवारी १९३९ मध्यें 'बोरेआस' व 'पासाट' या दोन विमानांनीं जहाजावरून उड्डाणें केलीं आणि थोडक्या दिवसांत अकरा हजारांहून अधिक छायाचित्रें घेतलीं. आपल्या राज्याचें चिन्ह असलेले अॅल्युमिनियमचे भालेहि त्यांनीं वरून बर्फावर टाकले. तत्पूर्वीं, १४ जानेवारी रोजीं, नॉर्वेनें त्याच प्रदेशावर आपला हक्क जाहीर केला होता. पर्वतास नांव मिळालें तें हेल्मुट वोल्थाट या बर्लिनमधील अधिकाऱ्याचें. मोहिमेची आर्थिक बाजू त्याच्याकडे होती.

छायाचित्रें मुबलक होतीं. पण जमिनीवर उतरून एकाहि ठिकाणाचें स्थान मोजलेलें नसल्यामुळें त्यांवरून केलेल्या नकाशांत चुका राहिल्या. पर्वत पाहिला गेला होता, त्याची ओळख झाली नव्हती. ती ओळख पुढें नॉर्वेजियन व रशियन मंडळींनीं करून घेतली, आणि त्या कामांत आपल्या देशाचाहि वांटा आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजीं डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं एकवीस जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं ध्रुवखंडावर उतरली. पुढें १९८९ सालीं शिर्माखेर या बर्फमुक्त टापूंत 'मैत्री' हें केंद्र सुरू झालें. हा टापू वोल्थाटच्या उत्तरेस आहे; त्याचें नांव 'बोरेआस'च्या वैमानिकाचें. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं उन्हाळ्याच्या अल्प अवधींत तंबू ठोकून, खडक हातीं घेऊन या पर्वताचे भूशास्त्रीय नकाशे तयार केले.

त्या खडकांची कथा आपणांस परकी नाहीं. ग्रूबर भागांतील फिकट रंगाचा अॅनॉर्थोसाइट खडक सुमारें साठ कोटी वर्षांचा आहे. त्यानंतर दीर्घ काळपर्यंत भारत व दक्षिण ध्रुवखंड हे गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते. सुमारें तेरा कोटी वर्षांपूर्वीं ते विभक्त होऊं लागले, आणि भारत उत्तरेकडे सरकत असतां, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं, लाव्हारसाचे थर सांचून कळसूबाईचा काळा कातळ बनला. एकत्र कुटुंबांतून निघालेल्या भावानें दूर देशीं नवें घर बांधावें, तसाच हा प्रकार!

वरून टाकलेल्या भाल्यांनीं पर्वत कोणाचाच झाला नाहीं. १ डिसेंबर १९५९ रोजीं झालेल्या करारानें ध्रुवखंडावरील सर्व हक्कसांगण्या स्थगित ठेवल्या. भारत १९८३ सालीं त्या करारांत सामील झाला. १९९१ च्या पुरवणी करारानें तेथें खनिजें उकरण्यास बंदी केली. अभ्यासाची मात्र मोकळीक ठेवली. नकाशावर नांव त्या अधिकाऱ्याचें राहिलें. पण पर्वताविषयीं आज जें कांहीं निश्चित सांगतां येतें, तें कडाक्याच्या थंडींत त्याच्या अंगाखांद्यावर चालून गेलेल्या अनेक देशींच्या अभ्यासकांमुळें. घरांतील मुलांनीं पृथ्वीचा गोल पाहतांना त्याच्या तळाशीं असलेला पांढरा भाग कोरा समजून सोडून देऊं नये, एवढ्याचसाठीं ही हकीकत येथें दिली आहे.