खलनायक मरणार, हे माहीतच आहे!

भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, मोहाडी, कुठल्याही तालुक्यात जा. दिवसा मंडई भरते, दंडार रंगते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरून जातात आणि रात्र झाली की शामियान्यात नाटक उभे राहते. रात्री उशिरा पडदा उघडतो, तो पहाटेच पडतो. थंडीत शाल-घोंगडी पांघरून, मांडीवर पोर घेऊन आमच्या मायबहिणी शेवटपर्यंत बसून असतात. तिकीट काढून बसतात, फुकट नाही!

अशाच एका नाटकाला माझ्या नात्यातील एक म्हातारी आत्या पहिल्या रांगेत जाऊन बसली होती. आमच्यातला एक शिकलेला पोरगा तिला म्हणाला, "आत्या, कशाला रात्र जागतेस? सगळ्या नाटकांचा शेवट सारखाच. खलनायक मरते, नायक-नायिकेचं लग्न होते. घरी जाऊन झोप." आत्याने त्याच्याकडे असे पाहिले, जणू त्याच्या डिग्रीचीच तिला कीव आली. म्हणाली, "अरे बाबू, तो मरते हे त मलेबी मालूम हाये. पण तो कोनाच्या हातानं मरते, ते पाहाले आलो ना!"

पोरगा हसला. मला मात्र हसू आले नाही. नाट्यशास्त्रावरचे जाड ग्रंथ वाचून जे उमगत नाही, ते या निरक्षर बाईने एका वाक्यात सांगितले होते. शेवट माहीत असतानाही माणूस नाटक-सिनेमा का पाहतो? आणि आपल्या चळवळीने या प्रश्नाकडे का लक्ष द्यावे? यावर आज थोडे बोलू.

आपल्यातील काही कार्यकर्त्यांना झाडीपट्टीच्या नाटकांचे नावही नको असते. 'हा सारा टाइमपास आहे, यातून समाजाला काय मिळणार?' असे ते विचारतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील गावकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून जगवलेली ही रंगभूमी आहे. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांना प्रेक्षक मिळत नाही म्हणून अश्रू ढाळले जातात. इकडे वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या हंगामभर गावोगावी फिरत असतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा, दंडारीचा आणि खडीगंमतीचा अभ्यास करण्यात आयुष्य घातले. गडचिरोली जिल्ह्यातील झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे प्रस्थापितांना या रंगभूमीचा पत्ता लागला! जिथे आपला माणूस रात्र-रात्र बसतो, त्या जागेला फालतू म्हणणे म्हणजे आपल्याच माणसाला फालतू म्हणणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. याच झाडीपट्टीत शंकरपट भरतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीचा कायदाही वैध ठरवला. शंकरपटाच्या गावात दिवसा पट असतो, रात्री नाटक असते. पटात कोणती जोडी जिंकणार हे कोणालाच ठाऊक नसते, नाटकात कोण जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी तोच माणूस दिवसा पटावर जातो आणि रात्री नाटकाला बसतो. उत्कंठा हेच आनंदाचे एकमेव कारण असते, तर पट संपल्यावर तो घरी जाऊन झोपला असता. म्हणजेच नाटकाला तो निकाल कळावा म्हणून जात नाही. निकाल कसा लागतो, कोणामुळे लागतो आणि तो लागताना आपल्या शेजारी कोण बसले आहे, यासाठी तो जातो.

हे काही फक्त आपल्याच खेड्यातले नाही. प्राचीन ग्रीसमध्ये इडिपस राजाचे काय होणार हे प्रेक्षकांना आधीच माहीत असे, तरी हजारो लोक नाटकाला जमत. जर्मन नाटककार ब्रेख्त तर प्रसंग सुरू होण्यापूर्वीच पुढे काय घडणार ते फलकावर लिहून टाकत असे. 'पुढे काय' या काळजीतून प्रेक्षक मोकळा व्हावा आणि 'हे असे का घडते' याचा त्याने विचार करावा, हा त्याचा हेतू होता. २०११ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील मानसशास्त्रज्ञांनी काही वाचकांना गोष्टीचा शेवट आधीच सांगून टाकला. त्यांना ती गोष्ट कमी नव्हे, उलट थोडी जास्तच आवडली! पुढच्या काही अभ्यासांत याच्या उलटही आढळले, ते सोडून द्या. पण शेवट कळला की मजा संपली, हा समज काही खरा नाही.

आणि बौद्ध परंपरेला तर हे दोन हजार वर्षांपासून माहीत आहे. जातककथेचा शेवट ठरलेला असतो. त्या जन्मीचा तो वानरराजा किंवा तो हत्ती कोण होता, हे बुद्ध शेवटी सांगतात. ऐकणाऱ्याला ते आधीच माहीत असते. भरहुतच्या स्तूपावर जातकांची शिल्पे कोरली, तेव्हा त्यावर कथांची नावेही कोरून ठेवली. आमच्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडला. त्या काळी वैनगंगेकाठी येणारा उपासकही नवी गोष्ट ऐकायला येत नसणार, ओळखीची गोष्ट पुन्हा भेटायला येत असणार. महाकवी अश्वघोषाच्या 'शारिपुत्रप्रकरण' या नाटकाचे अवशेष मध्य आशियातील तुर्फान येथे मिळाले आणि १९११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. संस्कृतातील सर्वात जुन्या उपलब्ध नाटकांत त्याची गणना होते आणि ते एका बौद्धाने लिहिलेले आहे! शारिपुत्र आणि मौद्गल्यायन शेवटी बुद्धाला शरण जाणार, हे कोणत्या प्रेक्षकाला ठाऊक नव्हते? ते तिथवर कोणत्या वाटेने पोहोचतात, हेच त्या नाटकाचे नाट्य आहे.

इथपर्यंत सगळे गोड आहे. परंतु आत्याचा प्रश्न बाकीच आहे. कोणाच्या हाताने?

ठरलेला शेवट हा आनंद देतो तसा तो बेडीही घालतो. शेवट कोण ठरवतो, त्याच्याकडे सत्ता असते. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त शंबूक मारला जातो आणि मरताक्षणी दिव्य रूप धारण करून मारणाऱ्याचेच आभार मानतो! खुनाचा शेवट कृतज्ञतेत करणारी ही लेखणी किती भयंकर असेल, याचा विचार करा. एकलव्याची गोष्ट हजार वेळा सांगितली जाते आणि हजार वेळा त्याचा अंगठा कापला जातो. ऐकणाऱ्याला सवय होते. सवय झालेल्या अन्यायाला मग कोणी अन्याय म्हणत नाही, ती 'परंपरा' होते.

सरकारलाही शेवटाची किंमत कळते. 'शोले' १९७५ साली आला, तेव्हा आणीबाणी होती. मूळ चित्रणात ठाकूर स्वतः गब्बरला ठार करतो. सेन्सॉरने ते मान्य केले नाही. ऐनवेळी पोलीस येतात आणि गब्बर कायद्याच्या ताब्यात जातो, असा शेवट करावा लागला. गब्बरचा पाडाव होणार हे दोन्हीकडे नक्की होते. वाद होता तो फक्त कोणाच्या हाताने, याचा!

म्हणूनच महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले, तेव्हा शेवट बदलून दाखवला. भटजोश्याकडून नागवले गेलेले कुणबी जोडपे शेवटी देवळात जात नाही, फुले दांपत्याच्या रात्रशाळेकडे निघते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही. का स्वीकारतील? पुढे सत्यशोधक जलसे आले, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे आले. जलशाचा शेवट काय होणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असे. बाबासाहेबांचा विचार जिंकणार! तरी माणसे मैलोन्‌मैल चालत येत. कारण गावात रोज जो हरतो, तो त्या रात्री मंचावर जिंकताना दिसे. उद्या गावात कसे जिंकायचे, याची ती तालीम होती.

आता आपल्या जिल्ह्यातील एका अशा गोष्टीकडे येतो, जिचे नाव घेताना आजही हात थरथरतो. २९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे, असे चार जीव गावाच्या जमावाने संपवले. एकटे भय्यालाल उरले. २००८ च्या सप्टेंबरात भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. परंतु ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर २५ वर्षांच्या जन्मठेपेत केले आणि जातीचा मुद्दा तिथेही मान्य झाला नाही. २०१७ मध्ये भय्यालाल गेले. त्या दिवसांत आमच्या वस्तीतील म्हातारी माणसे म्हणत, "असंच होनार होतं, मालूमच होतं." हाही एक ठरलेला शेवटच होता! फरक इतकाच की, नाटकाचा ठरलेला शेवट आपल्याला पहाटेपर्यंत जागे ठेवतो आणि जगण्यातला ठरलेला शेवट आपल्याला झोपवतो. 'मालूमच होतं' हे शब्द शामियान्यात आनंदाचे असतात, न्यायालयाच्या पायरीवर तेच शब्द पराभवाचे होतात.

नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ मध्ये आला. थिएटरमध्ये शेवटी सुन्न शांतता पसरली. शेवट 'अनपेक्षित' असल्याचे समीक्षकांनी लिहिले. अनपेक्षित कोणासाठी? ज्यांच्या वस्तीत अशी प्रेते येतात, त्यांना तो शेवट पुरता ओळखीचा होता. मंजुळेंनी एवढेच केले की, सिनेमाचा ठरलेला शेवट काढून गावातला ठरलेला शेवट पडद्यावर ठेवला.

मग काय, आपल्या नाटकांतूनही न्यायाचा शेवट काढून टाकायचा? मुळीच नाही! दिवसभर धानाच्या बांधीत राबणाऱ्या बाईला रात्री तरी खलनायक पडताना दिसला पाहिजे. तो तिचा हक्क आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. मी पाहिलेल्या कित्येक नाटकांत गावचा जुलमी पाटील शेवटी एकतर नायकाच्या ठोशाने मरतो किंवा त्याचे हृदयपरिवर्तन होते आणि तो सर्वांना पोटाशी धरतो. टाळ्या पडतात, पडदा पडतो. पण हृदयपरिवर्तनाची वाट पाहत किती पिढ्या गेल्या? काळारामाच्या दारात पाच वर्षे सत्याग्रह चालला. हृदय बदलले नाही, म्हणून बाबासाहेबांनी येवल्यात १९३५ ला आपला शेवट आपणच ठरवला आणि १९५६ ला नागपुरात तो लिहून पूर्ण केला. तेव्हा झाडीपट्टीत लिहिणाऱ्या आपल्या तरुणांनी शेवट ठेवावा तोच, हात बदलावेत. पाटील पडू द्या, पण तो ग्रामसभेत उभ्या राहिलेल्या बाईच्या प्रश्नाने पडू द्या. साक्ष न फिरवणाऱ्या साक्षीदाराने पडू द्या. शिकलेल्या पोरीने लिहिलेल्या तक्रारीने, संघटित वस्तीने पडू द्या. प्रेक्षकाला मजा कमी येणार नाही. उलट घरी जाताना तो स्वतःच्या हाताकडे पाहील.

याच भंडाऱ्यातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब लोकसभेसाठी उभे होते. ते हरले. ही गोष्ट आमच्या घराघरांत आजही सांगितली जाते. शेवट सगळ्यांना माहीत आहे, तरी ऐकताना लहान पोर विचारतेच, "मग पुढं काय झालं?" आणि सांगणारा म्हातारा भंडाऱ्यावर थांबत नाही, तो १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत जातो. हरलेल्या गोष्टीचा शेवट आपल्या माणसांनी असा पुढे नेला आहे. गोष्ट कुठे थांबवायची, हे जोवर आपण ठरवतो, तोवर आपण हरलेलो नाही.

यंदाच्या मंडईत नाटकाला जरूर जा. शेवट माहीत असला तरी जा. शेजारच्या आत्यालाही सोबत न्या आणि पहाटे पडदा पडला की तिचाच प्रश्न स्वतःला विचारा. तो मेला खरा, पण कोणाच्या हाताने?

जयभीम!