अग्रहक्क म्हणजे काय?

मसुदा लिहिणाऱ्याने ज्या शब्दाची व्याख्या करणे टाळले, त्याची व्याख्या पुढे न्यायालयास करावी लागते, आणि तिचा भार मात्र तिसऱ्याच कोणावर पडतो, हा आपल्या व्यवसायातील नित्याचा अनुभव कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेने मोठ्या प्रमाणावर पडताळून दिला आहे.

१९९६ साली तेथील मतदारांनी ‘प्रस्ताव २०९’ मंजूर करून असे कलम दाखल केले की, सरकारी नोकरी, शिक्षण व ठेके यांत वंश, लिंग, वर्ण आदी कारणांवरून राज्याने कोणाविरुद्ध भेदभाव करू नये आणि कोणास अग्रहक्कही देऊ नये. सरकारने कोणाशीही वागताना त्याचा वंश विचारातच घेऊ नये, ही समर्थकांची भूमिका तात्त्विकदृष्ट्या क्षुल्लक नव्हे; परंतु भेदभाव आधीच निषिद्ध असल्याने नवे ते सारे ‘अग्रहक्क’ या शब्दात होते, आणि नेमकी त्याचीच व्याख्या कलमात नव्हती. विद्यापीठातील १०० पैकी १६ जागा राखून ठेवण्याची पद्धत तर १९७८ सालीच बॅकी खटल्यात रद्द झाली होती. सॅन होजे शहराची अट त्याहून सौम्य होती : ठेकेदाराने अल्पसंख्याकांच्या व स्त्रियांच्या पेढ्यांना उपठेक्यांत सहभाग द्यावा, नाही तर निदान त्यांच्याकडे विचारणा केल्याचा पुरावा दाखल करावा. २००० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही विचारणेची सक्तीसुद्धा अग्रहक्कच ठरविली.

असा अर्थ एकदा घटनेत रुजला की तो उपटणे साध्या बहुमताच्या कायद्याला साधत नाही. मिशिगनने २००६ साली अशीच तरतूद केली व २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. कॅलिफोर्नियात २०२० साली ते कलम रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला.

आपल्याकडे प्रवाह उलट्या दिशेने वाहिला. मद्रास सरकारचा जातवार प्रवेशाचा हुकूम न्यायालयाने रद्द करताच १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम घालून राज्यास मुभा दिली. तरीही ‘मागासलेला वर्ग’ कोणता, हा वाद न्यायालयांच्या दारी गेलाच.

म्हणून निषेधाचा असो वा मुभेचा, मसुदा हाती आलेल्या विधिज्ञाने पहिली शाई व्याख्येवर खर्च करावी : राखीव जागा, अधिक गुण, विचारणेचे पत्र, यांपैकी काय वर्ज्य आणि काय मान्य हे तेथेच लिहावे. कौल कशाला द्यावयाचा आहे, हे मतदारास चार वर्षांनी निकालपत्रातून कळू नये.