फ्रीजरसाठी इन्व्हर्टर घेताना आधी पाटी वाचा

मनोरीसारख्या खाडीपलीकडच्या गावात फ्रीजर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घरात साठवलेली कोळंबी, सुरमई हाच अनेक कुटुंबांचा आधार असतो. पावसात वीज गेली की सगळ्यांचे लक्ष फ्रीजरकडे लागते. मग मार्वेची तर ओलांडून बाजारात जायचे आणि दुकानदार देईल तो इन्व्हर्टर उचलून आणायचा! माझ्या मते नुकसानीची सुरुवात इथेच होते.

दुकानदार विचारतो, "पंखे किती, दिवे किती?" फ्रीजरचा हिशेब वेगळा आहे. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढतो. म्हणून आधी फ्रीजरच्या मागची पाटी वाचा. तिच्यावर १५० वॅट लिहिले असेल, तर सुरू होताना पाच पटीने ७५० वॅट लागतात. इन्व्हर्टरवरच्या व्हीएला साधारण ०.८ ने गुणले की वॅट मिळतात. ६०० व्हीएचा इन्व्हर्टर ४८० वॅटच देतो, तो बंद पडणारच. ११०० व्हीएचा ८८० वॅट देतो, तो फक्त फ्रीजरला पुरेल. त्यावर दोन पंखे आणि दिवेही चालवायचे असतील तर १५०० व्हीएचा घ्या. पाटीवर फक्त अँपिअर असतील तर त्यांना २३० ने गुणा.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर तापतो, गुरगुरतो आणि लवकर निकामी होतो. ज्या फ्रीजरचा कॉम्प्रेसरच इन्व्हर्टर जातीचा आहे, तो हळूहळू वेग घेतो. त्याला सुरुवातीचा झटका कमी लागतो.

आता बॅटरी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. पण बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी, आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते. हाती उरतात सुमारे ७२० वॅट-तास. कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालतो असे धरले तर फ्रीजरला तासाला ७५ वॅट-तास लागतात, म्हणजे नऊ तास निघतील. त्याच बॅटरीवर ७५ वॅटचे दोन पंखे लावा, तीन तासांत खेळ खलास! तेव्हा पंखा की मासळी, हे घरात आधीच ठरवून ठेवा.

खाऱ्या हवेत बॅटरीची टोके गंजतात. ती पुसून व्हॅसलीन लावा, पाणी डिस्टिल्डच घाला. बॅटरी उंचावर आणि वारा खेळेल अशा जागी ठेवा.

एक मात्र स्पष्ट सांगतो. इन्व्हर्टर हा तासांचा सोबती आहे, दिवसांचा नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी बर्फ किंवा सोसायटीचा सामाईक जनरेटरच कामाला येतो. गच्च भरलेला फ्रीजर झाकण न उघडता सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणजे तास-दोन तासच वीज जात असेल तर झाकण बंद ठेवणे हाच सर्वांत स्वस्त इन्व्हर्टर!

सोसायटीच्या पंचांनी जाणकार वायरमन बोलावून पावसाळ्याआधी घरोघरच्या पाट्या एकदा वाचून घ्याव्यात. खर्च थोडा आहे, पण त्यातून वाचणारी मासळी आपल्या घामाची आहे.