वैमानिक जातो, कारण मात्र फायलीतच राहते

अमरावती : बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि अमरावतीकरांची अनेक वर्षांची प्रतीक्षा संपली. याच विमानतळाच्या परिसरात वर्षाला १८० वैमानिक घडविणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. त्यासाठी ३४ प्रशिक्षण विमानांची मागणीही नोंदविण्यात आली. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढविण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला असला, तरी तेथील तरुणांच्या मनातील आकाशाची ओढ त्यामुळे कमी झालेली नाही. वऱ्हाडातील मुलामुलींना वैमानिकाचा पेशा आता आवाक्यातला वाटू लागला आहे आणि त्यांपैकी काहींची नजर हवाईदलाच्या गणवेशावरही असणार. म्हणूनच सरावाच्या उड्डाणात एखादा वैमानिक प्राणास मुकतो तेव्हा पुढे नेमके काय होते, हा प्रश्न आता केवळ अंबाला, जामनगर किंवा सुरतगडचा राहिलेला नाही. तो वऱ्हाडातील घरांचाही झाला आहे.

सहकाऱ्यांची मूक मानवंदना

हवाईदलात सहकाऱ्याला निरोप देण्याची एक रीत जगभर पाळली जाते. विमानांचा ताफा एका रचनेत येतो आणि त्यातील एक विमान अचानक रांग सोडून उंच आकाशात निघून जाते. रिकामी राहिलेली ती जागा गेलेल्या वैमानिकाची. त्यानंतर स्क्वाड्रनमधील उरलेले वैमानिक ठरल्या वेळी पुन्हा उड्डाणाला सज्ज होतात, कारण सराव थांबवता येत नाही.

दुबईच्या हवाई प्रदर्शनात २१ नोव्हेंबर २०२५ रोजी तेजस विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. ती प्रशिक्षणाची नव्हे, प्रात्यक्षिकाची दुर्घटना होती. तथापि, अमेरिकी हवाईदलाच्या एफ-१६ प्रात्यक्षिक पथकाने त्यांच्या सन्मानार्थ आपले नियोजित उड्डाण रद्द केले. देश वेगळा, विमान वेगळे, ओळखही नाही. तरीही एका वैमानिकाचे जाणे दुसऱ्याला घरचे दुःख वाटते, हे त्यातून जगाला दिसले.

सेवेतील वैमानिकांच्या या स्मरणाला एक मर्यादा असते. आपला सहकारी का गेला, याविषयी ते जाहीरपणे बोलू शकत नाहीत. सेवेचे नियम त्यांना तशी मुभा देत नाहीत. चौकशी होते, अहवाल तयार होतो आणि तो गोपनीय फायलीत जातो. मग बोलण्याची जबाबदारी येऊन पडते ती कुटुंबावर.

गाडगीळ दाम्पत्याचा लढा

महाराष्ट्राने हे सर्वाधिक जवळून पाहिले ते फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांच्या बाबतीत. १७ सप्टेंबर २००१ रोजी रात्रीच्या सरावासाठी राजस्थानातील सुरतगड येथून झेपावलेले त्यांचे मिग-२१ विमान उड्डाणानंतर लगेचच कोसळले. अपघाताचे खापर मुलाच्या माथी फोडले जावे, हे त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि स्वतः वैमानिक असलेले वडील अनिल गाडगीळ यांना मान्य नव्हते. त्यांनी पत्रव्यवहार केला, वरिष्ठांकडे दाद मागितली, वृत्तपत्रांतून प्रश्न उपस्थित केले. मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान स्थापन केले आणि पुढे पुण्यात वैमानिकांच्या प्रशिक्षणाशी निगडित संस्थाही उभी केली.

या लढ्याचे महत्त्व एका कुटुंबाच्या दुःखापुरते नाही. 'वैमानिकाची चूक' हे उत्तर म्हणून स्वीकारायचे, की तेथून खरा प्रश्न सुरू होतो असे मानायचे, हा गाडगीळ दाम्पत्याने उभा केलेला मुद्दा होता. चूक झाली असेलही. परंतु ती का झाली? प्रशिक्षण पुरेसे होते काय? विमान निर्दोष होते काय? रात्रीच्या अंधारात क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल सांभाळणारी यंत्रणाच वैमानिकाला फसवते. विमान वळत असताना ते सरळ चालले आहे असे वाटू लागते. अशा दिग्भ्रमाला केवळ वैयक्तिक दोष ठरविणे सोपे आहे, परंतु त्यातून पुढचा अपघात टळत नाही.

सव्वीस वर्षांची दरी

अभिजित यांच्या पिढीला कोणत्या प्रशिक्षणावर मिग-२१ च्या कॉकपिटमध्ये बसविले गेले, हे या संदर्भात पाहणे आवश्यक ठरते. संथ गतीच्या किरण विमानावर शिकलेल्या तरुणाला थेट ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरणाऱ्या लढाऊ विमानाकडे वळावे लागत होते. मधली पायरीच नव्हती. एअर मार्शल ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्ये अत्याधुनिक जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि ती हवाईदलात दाखल झाली २००८ मध्ये. शिफारस व अंमलबजावणी यांच्यातील या सव्वीस वर्षांत किती पत्रे, किती फायली आणि किती बैठका झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. या काळात गेलेल्या तरुण वैमानिकांच्या नावापुढे 'मानवी चूक' असे लिहिले गेले असेल, तर त्यातील काही वाटा दिल्लीतील टेबलांचाही आहे, असे म्हणावे लागेल.

तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी मे २०१२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने अपघातग्रस्त झाली आणि त्यांत १७१ वैमानिकांचा मृत्यू झाला. ३९ सामान्य नागरिकही मृत्युमुखी पडले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ पासून देशाची सेवा केलेल्या या विमानाचा गौरव योग्यच होता. निरोपाच्या त्या दिवशी जुन्या वैमानिकांच्या मनात विमानाबरोबरच अनेक चेहरेही आले असतील.

मिग गेले, प्रश्न राहिला

तथापि, मिग गेल्याने प्रश्न संपला असे नाही. २ एप्रिल २०२५ रोजी जामनगरजवळ रात्रीच्या सरावात जग्वार कोसळून फ्लाइट लेफ्टनंट सिद्धार्थ यादव यांना प्राण गमवावे लागले. ९ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील चुरू जिल्ह्यात आणखी एक जग्वार सरावादरम्यान पडले आणि त्यातील दोन्ही वैमानिक गेले. त्याआधी ४ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणमध्ये हवाईदल अकादमीचे पिलाटस विमान कोसळून प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी असे दोघेही मृत्युमुखी पडले. विमाने वेगवेगळी, परंतु त्यानंतरची पद्धत एकच : दुःख व्यक्त करणारे निवेदन, चौकशीचा आदेश आणि मग शांतता.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या अहवालातील आकडे बोलके आहेत. २०१७ ते २०२२ या काळात हवाईदलाच्या ३४ विमान अपघातांपैकी १९ अपघातांचे कारण वैमानिकांची वा विमान कर्मचाऱ्यांची चूक असे नोंदले आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक. एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकच कारण पुढे येत असेल, तर तो व्यक्तींचा दोष राहत नाही, तो व्यवस्थेचा विषय ठरतो.

व्यवस्थेच्या दोषाकडे न्यायालयानेही बोट दाखविले आहे. जानेवारी २००५ मध्ये मिग-२१ मधून बाहेर पडताना जखमी झालेले विंग कमांडर संजीत सिंग कैला यांनी माहिती अधिकाराचा आधार घेतला. विमानाच्या निर्मितीतच दोष होता, हे चौकशीच्या कागदपत्रांतून पुढे आले. सुरक्षित वातावरणात काम करण्याचा वैमानिकाचा हक्क मान्य करून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना ५५ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. येथे वैमानिक वाचला म्हणून लढू शकला. जो वाचत नाही, त्याच्या बाजूने कोण कागद मागणार?

नागरी आणि लष्करी : दोन न्याय

नागरी विमान अपघातांचा तपास विमान अपघात अन्वेषण विभाग करतो व त्याचे अहवाल जनतेसाठी प्रसिद्ध होतात. मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसी येथून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यात कोसळून दोघांचा मृत्यू झाला. बेलोऱ्यात शिकणाऱ्या तरुणाच्या बाबतीत उद्या दुर्दैवाने असे काही घडलेच, तर त्याच्या आईवडिलांनाही कारण वाचावयास मिळेल. तोच तरुण हवाईदलात गेला, तर मात्र त्यांना 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' सुरू आहे एवढेच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.

हवाईदलाच्या बाजूनेही म्हणणे आहे आणि ते डावलता येणार नाही. लढाऊ विमानांच्या त्रुटी शत्रूला कळू देणे परवडणारे नाही. शिवाय साक्ष देणारे सहकारी मोकळेपणाने बोलावेत यासाठीही गोपनीयता लागते. परंतु संपूर्ण अहवाल आणि कारणांचा सारांश यांत फरक आहे. जनरल बिपिन रावत यांच्या हेलिकॉप्टर अपघाताच्या चौकशीतील प्राथमिक निष्कर्ष हवाईदलाने जानेवारी २०२२ मध्ये अवघ्या काही आठवड्यांत जाहीर केले होते. सर्वोच्च अधिकाऱ्याच्या बाबतीत जे शक्य झाले, ते तरुण फ्लाइट लेफ्टनंटच्या बाबतीत अशक्य का असावे?

मृत्यूचीही वर्गवारी

सरकारी कागदांत युद्धातील मृत्यू आणि कर्तव्य बजावताना अपघाताने आलेला मृत्यू यांत भेद केला जातो. कुटुंबाच्या निवृत्तिवेतनापासून सानुग्रह रकमेपर्यंत तो जाणवतो. प्रत्यक्ष रणांगणावरील शौर्याचे स्थान वेगळे आहे, हे मान्यच. परंतु युद्धासाठी सज्ज राहण्याचा सराव हेही सैनिकाचे कर्तव्यच होय. त्या सरावात गेलेल्याला निदान मृत्यूचे खरे कारण तरी मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

प्रत्येक अपघाताच्या कारणांचा सारांश ठरावीक मुदतीत कुटुंबाला आणि संसदेला देणे, 'मानवी चूक' असा निष्कर्ष असेल तेथे प्रशिक्षण व देखभालीचा स्वतंत्र आढावा घेणे, आणि शिफारशींची अंमलबजावणी झाली की नाही हे दरवर्षी सांगणे, एवढे तीन नियम केले तरी बराच फरक पडेल. त्यासाठी कोणतेही गुपित उघड करावे लागणार नाही.

अमरावतीच्या धावपट्टीवरून आता रोज स्वप्ने उडणार आहेत. गेलेल्या वैमानिकाला त्याचे सहकारी आकाशात जागा मोकळी ठेवून वंदन करतात. जमिनीवर बसलेल्यांनी कारणाचा कागद मोकळा करावा. सहकाऱ्यांच्या स्मरणाला त्यामुळेच अर्थ येईल.