चित्रातले सूर्यचंद्र आणि आपल्या डोळ्यांतल्या तबकड्या

दिवाळीच्या सुटीत घरी आलेल्या माझ्या नातवाने एका संध्याकाळी भ्रमणध्वनीवरचे एक चित्र माझ्यापुढे धरले. ''आजोबा, हे बघा. पावणेसातशे वर्षांपूर्वीचे चर्चमधले भित्तिचित्र आहे. वर कोपऱ्यात अंतराळयान आहे, आत चालकही बसला आहे.'' चित्र येशूच्या क्रूसारोपणाचे होते. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत, मागे किरणांचे पट्टे सोडीत निघालेल्या दोन टोकेरी आकृती होत्या आणि प्रत्येकीत एकेक मनुष्य बसलेला होता. मुलाचा चेहरा उत्सुकतेने फुलला होता. ''हे खोटे आहे'' असे म्हणून त्याला वाटेला लावणे सोपे होते. पण चित्र खोटे नव्हते. खोटे होते ते त्याचे वाचन. म्हणून त्याला जे सांगितले, ते विस्ताराने येथे मांडत आहे. विषय दूरच्या देशातला असला, तरी त्याचा धागा आपल्या अंगणापर्यंत येतो, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

प्रथम या तबकड्यांचे वय पाहू. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाला माउंट रेनियरच्या परिसरात नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते, तशी त्यांची गती होती, असे त्याने सांगितले. वृत्तपत्रांनी गतीचे वर्णन आकाराला चिकटवले आणि 'उडती तबकडी' हा शब्द जन्माला आला. त्यानंतर लोकांना आकाशात तबकड्याच दिसू लागल्या. पुढे १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन या स्विस हॉटेल व्यवस्थापकाने, प्राचीन काळचे देव म्हणजे परग्रहांवरून आलेले प्रवासी, असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि ते जगभर खपले. आता आकाशातल्या तबकड्या जुन्या चित्रांत शोधण्याचा छंद सुरू झाला. दूरचित्रवाणीवरील मालिकांनी तो घरोघरी पोचवला आहे.

माझ्या नातवाने दाखवलेले चित्र कोसोवोमधील विसोकी देचानी या सर्बियन ऑर्थोडॉक्स मठातील. चौदाव्या शतकातील हा मठ २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आहे आणि प्रदेशातील अस्थिरतेमुळे २००६ साली संकटग्रस्त वारशातही त्याची नोंद झाली. त्यातील भित्तिचित्रे १३५० च्या सुमारास पूर्ण झाली. १९६० च्या दशकात त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होताच त्या दोन आकृतींना 'यान' म्हटले जाऊ लागले. एक चालक मागे वळून दुसऱ्याकडे पाहतो आहे, म्हणजे हा पाठलाग आहे, इथपर्यंत कल्पनेची मजल गेली.

त्या आकृती आहेत सूर्य आणि चंद्र. लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे की, येशू क्रूसावर असताना दुपारी बारापासून तीनपर्यंत सर्वत्र अंधार पसरला. सृष्टीच्या स्वामीला वेदना होत असताना सृष्टीचे दोन दीप साक्षीला उभे आहेत, असा त्यामागचा भाव. म्हणून क्रूसाच्या एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र काढण्याचा संकेत रूढ झाला. इ.स. ५८६ मधील 'रब्बुला शुभवर्तमान' या सीरियाई हस्तलिखितातील क्रूसारोपणाच्या चित्रातही ते दोघे आहेत. म्हणजे देचानीच्या चित्रकारापूर्वी साडेसातशे वर्षे हा संकेत चालत आला होता. आत मनुष्य का? ग्रीक-रोमन परंपरेत सूर्य आणि चंद्र या देवता होत्या. धर्म बदलला, पण चित्रकारांच्या हाताने जुनी मानवी रूपे टाकली नाहीत. काही चित्रांत हे सूर्यचंद्र चक्क तोंड झाकून रडतात. तो 'चालक' मागे वळून पाहतो, तो पाठलागामुळे नव्हे, शोकामुळे.

हे सांगताना नातू गप्प झाला, पण पटल्याचे दिसेना. मग मी त्याला वीरगळाची आठवण करून दिली. महाराष्ट्रात गावोगावी मंदिरांच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर पडलेल्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी शिखराशी सूर्य व चंद्रकोर. दानलेखांवरही तेच दोघे कोरलेले असतात. 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान टिको, ही वीराची कीर्ती टिको, हा त्यांचा अर्थ. उद्या एखाद्या परदेशी पाहुण्याने त्यातली गोल आकृती पाहून ''ही तबकडी आणि शेजारी तिचे वाकलेले पाते'' असे म्हटले, तर गावातला निरक्षर गुराखीही हसेल. त्याने मूर्तिशास्त्राचा ग्रंथ वाचलेला नसतो. तो त्या परंपरेत वाढलेला असतो. देचानीच्या मठात येणाऱ्या सर्बियन शेतकऱ्यालाही तसेच हसू येत असणार.

एर्विन पानोफ्स्की (१८९२–१९६८) या जर्मन कलाइतिहासकाराने याच अडचणीचे शास्त्र केले. ज्यू असल्यामुळे १९३३ साली हॅम्बुर्गच्या विद्यापीठातून त्याला काढण्यात आले आणि पुढचे काम त्याने अमेरिकेत केले. त्याचे एक उदाहरण आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते. रोगीर वान देर वेडन या पंधराव्या शतकातील चित्रकाराच्या एका चित्रात बालक आकाशात तरंगते आहे. तेथे तो दैवी साक्षात्कार आहे. उलट इ.स. १००० च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात एक अख्खे नगर अधांतरी दाखवले आहे. तेथे मात्र कसलाही चमत्कार नाही, कारण त्या काळचे चित्रकार अवकाश तसाच रिकामा ठेवत. दोन्ही ठिकाणी डोळ्यांना दिसते ते एकच, अधांतरी वस्तू. अर्थ डोळे सांगत नाहीत. त्या त्या काळाची चित्रभाषा सांगते.

इटलीतील चित्रांकडे वळलो तर हे अधिकच स्पष्ट होते. कार्लो क्रिव्हेल्लीचे १४८६ मधील 'संत एमिदियससह शुभवार्ता' हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आकाशातील एका वर्तुळातून सोनेरी किरणाची रेघ सरळ खाली येते, घराच्या भिंतीतील लहानशा झरोक्यातून आत शिरते आणि प्रार्थनेत मग्न मेरीच्या मस्तकावर पोचते. तबकडीवाद्यांना यात किरणास्त्र दिसते. चित्र मोठे करून पाहावे: ते वर्तुळ मेघांचे आहे आणि त्यात चिमुकल्या देवदूतांची कडी दाटीवाटीने बसली आहेत. किरणाच्या वाटेवर कबुतर आहे, म्हणजे पवित्र आत्मा. मेरीला पुत्र होणार, ही वार्ता गॅब्रिएल हा देवदूत आणतो, तो हा क्षण.

पण या चित्रातली खरी गंमत आकाशात नाहीच, ती रस्त्यावर आहे. गॅब्रिएलच्या शेजारी संत एमिदियस गुडघे टेकून बसला आहे आणि त्याच्या हातात आस्कोली पिचेनो या नगराची छोटी प्रतिकृती आहे. १४८२ साली पोप चौथा सिक्स्टस याने या नगराला मर्यादित स्वशासनाचा अधिकार दिला. ते वृत्त नगरात २५ मार्चला, म्हणजे शुभवार्तेच्या सणादिवशीच पोचले. म्हणून चित्राच्या तळाशी त्या सनदेचे लॅटिन शब्द ठळक अक्षरांत आहेत आणि नगराचा रक्षक संत जणू देवदूताला वाटेत थांबवून आपले गाव दाखवतो आहे. एका लहान नगराने आपल्या स्वातंत्र्याचा आनंद देवाच्या सणात मिसळून टाकला! किरण सोडणाऱ्या तबकडीच्या नादात हे सारे हातचे जाते. अशा वाचनाने होणारे नुकसान ते हेच. परग्रहवासी चित्रात शिरतात आणि माणसे बाहेर पडतात.

फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्किओमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरचे एक गोल चित्र आहे. मेरी बालकापुढे हात जोडून बसली आहे. तिच्या खांद्यामागे, दूर टेकडीवर, एक माणूस डोळ्यांवर हात धरून वर पाहतो आहे. शेजारचा कुत्राही मान उंचावून पाहतो आहे. वर किरण फेकणारी एक गडद अंडाकृती वस्तू आहे. हे चित्र तबकडीवाद्यांचे विशेष लाडके. परंतु येशूजन्माच्या शेकडो चित्रांत दूरवर हाच मेंढपाळ, हाच आडवा हात आणि पुष्कळदा हाच कुत्रा आढळतो. लूकच्या कथेत रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत जन्माची वार्ता देतो आणि त्यांच्याभोवती तेज फाकते. बहुतेक चित्रकार तेथे देवदूत काढतात, हा चित्रकार तेजाने भरलेला मेघ काढतो. जन्मस्थानावरील तेजोमेघाचा उल्लेख याकोबाच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रंथातही आहे.

बाकीच्या उदाहरणांसाठी फार शाई खर्चण्याचे कारण नाही. तोस्कानातील मोन्ताल्चिनो येथे बोनाव्हेन्तुरा सालिम्बेनीने १६०० साली काढलेल्या चित्रात परमपिता आणि येशू एका गोलाशेजारी बसले आहेत आणि त्यांच्या हातांतील काठ्या त्या गोलाला टेकल्या आहेत. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाल्यावर हा उपग्रह आणि त्या त्याच्या शलाका, असे लोक म्हणू लागले. तो गोल म्हणजे निर्माण केलेले विश्व. त्यावर सूर्य-चंद्रही पुसटसे काढलेले आहेत आणि काठ्या म्हणजे राजदंड. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातील आर्ट दे गेल्डरच्या 'बाप्तिस्मा' या चित्रातील तेजोवर्तुळात कबुतर आहे. लहान छायाचित्रात ते पुसट होते आणि उरते ती 'तबकडी'. नेपल्समधील मासोलिनोच्या चित्रातील चपटे ढग रोममध्ये ऐन ऑगस्टात बर्फ पडल्याच्या कथेतले आहेत. त्या बर्फावर पोप कुदळीने चर्चचा आराखडा आखतो आहे. दिएगो कुओघी या इटालियन अभ्यासकाने अशा चित्रांचा एकेक करून समाचार घेतला आहे.

ख्रिस्ती चित्रांची एवढी बाजू आपण का घ्यावी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच अनुभवात आहे. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईत वर्षानुवर्षे राहिलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १९१० साली लंडनमध्ये, जावामधील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली होती. भारतात अनेक वर्षे घालवलेल्या विद्वान माणसाची ही कथा! आपल्या चतुर्भुज, दशभुज देवतांना 'राक्षसी' म्हणणारे प्रवासी तर शतकानुशतके होऊन गेले. आनंद कुमारस्वामींनी आयुष्यभर हेच समजावले की, भारतीय मूर्ती भारतीय शास्त्राने वाचा. जो न्याय आपण आपल्या मूर्तींसाठी मागितला, तो दुसऱ्याच्या चित्राला नाकारण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

आता एक गोष्ट, जी आपल्यातील काही मित्रांना रुचणार नाही. डॅनिकेनसारखे लेखक आपल्या महाकाव्यांतील विमानांना अंतराळयाने म्हणतात, तेव्हा आपली छाती फुगते. वास्तविक ती स्तुती नव्हे. जो येशूच्या सूर्यचंद्रांना यंत्र म्हणतो, तोच आपल्या देवांना प्रवासी ठरवतो. दोन्हीकडे देव नाहीसा होतो आणि ऋषी, कवी, शिल्पकार हे न समजलेल्या गोष्टीची भाबडी नोंद करणारे कारकून ठरतात. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो भारतीय शास्त्रज्ञांचा, भारतीय संस्थेतला निष्कर्ष आहे. त्यावर रागावण्यापेक्षा तो वाचावा. गर्भगृहावरील शिखरालाही आपण विमानच म्हणतो. वेरूळच्या कैलास लेण्याचे विमान बाराशे वर्षांहून अधिक काळ एकाच जागी उभे आहे आणि त्याचा गौरव करायला त्याला इंजिन बसवावे लागत नाही.

नातवाने शेवटी दे गेल्डरचे चित्र बोटांनी मोठे करीत नेले आणि कबुतर सापडल्यावर ते आजीला दाखवायला धावला. परत येऊन त्याने विचारले, ''आपल्या गावच्या देवळाबाहेरच्या दगडावर पण चंद्र आहे का?'' आहे. माघातल्या जत्रेला त्याला घेऊन जायचे ठरले आहे. त्या वीरगळावर तेलशेंदराचे इतके थर चढले आहेत की वरची चंद्रकोर आता दिसत नाही. बोटाने चाचपून पाहावी लागते.