सरकारी कागदांची टोपली

घरांतील कर्ता पुरुष सेवानिवृत्त झाला आणि भविष्यनिर्वाहनिधीची रक्कम हातीं आली, कीं पुढील आठ-पंधरा दिवस त्या घरांत एकच विषय चालतो : पैसा ठेवावा कोठें ? वडीलधाऱ्यांचें मन बँकेच्या ठेवीकडे ओढतें. मधल्या पिढीला जमीन दिसूं लागते. नाशकांत तर मखमलाबादपासून आडगांवपर्यंत कोणता ना कोणता प्लॉट प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असतोच. आणि हल्लीं एखादा नातू भ्रमणध्वनीवर बोट फिरवून सांगतो, "आजोबा, सरकारी रोख्यांचा ई.टी.एफ. घ्या. पैसा सरकारकडे, म्हणजे कमी व्हायचा प्रश्नच नाहीं." पैसा सरकारकडे, हें खरें. कमी होणार नाहीं, हें मात्र त्यावरून निघत नाहीं. आणि या दोहोंतील फरक न कळल्यामुळें भल्या घरांचा घोटाळा होतो.

सरकारी कागद हें नांव आमच्या घरांना नवें नाहीं. १८८२ च्या विश्वस्त कायद्यानें विश्वस्तांनीं पैसा कोठें गुंतवावा याची जी यादी घालून दिली, तींत सरकारी प्रॉमिसरी नोटांना आरंभींच स्थान होतें. देवस्थानाची ठेव, शिष्यवृत्तीचा निधि, अज्ञान मुलांचा पैसा, हें सारें त्या कागदांत घालावें, असा शिरस्ताच पडला होता. नाशिककरांना तर कागदाची पत डोळ्यांनीं पाहावयास मिळाली. नाशिकरोडला १९२५ सालीं इंडिया सिक्युरिटी प्रेस निघाला आणि तोंवर विलायतेंत छापून येणारीं टपालाचीं तिकिटें येथें निघूं लागलीं; १९२८ सालीं शेजारीं नोटांचा छापखाना आला; पुढें किसान विकासपत्रांसारखे बचतीचे कागदहि येथूनच देशभर गेले. २०१६ सालीं त्या पत्रांचे छापील कागद बंद होऊन केवळ नोंद उरली. केंद्र सरकारचे कर्जरोखेहि आज रिझर्व्ह बँकेच्या वहींतील नोंदीच होत. ट्रंकेंत रेशमी फडक्यांत गुंडाळून ठेवावा असा कागद राहिला नाहीं.

कर्जरोखा म्हणजे वचन. आज शंभर रुपये घेतले, अमुक वर्षें दर सहामाहीस ठरलेलें व्याज देऊं, आणि ठरल्या दिवशीं शंभर परत करूं, एवढेंच त्यांत असतें. याज्ञवल्क्यस्मृतींत तारण असलेल्या कर्जास दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षाला शेंकडा पंधरा, असें व्याज सांगितलें आहे आणि तारण नसेल तर अधिक. आमचें सरकार तर कांहींच तारण ठेवीत नाहीं, आणि तरी देशांत सर्वांत कमी व्याजानें कर्ज मिळतें तें त्यालाच ! कर बसविण्याचा व चलन काढण्याचा अधिकार हेंच त्याचें तारण. म्हणून रुपयांत घेतलेलें कर्ज केंद्र सरकार बुडवील, ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

आतां टोपलीकडे येऊं. निर्देशांक म्हणजे कोणते रोखे किती प्रमाणांत धरावयाचे याची आधीं ठरवून जाहीर केलेली यादी. उदाहरणार्थ, ज्यांच्या मुदतीचीं आठ ते तेरा वर्षें उरलीं आहेत असे सरकारी रोखे. निधीचा व्यवस्थापक त्या यादीबरहुकूम खरेदी करतो. त्याला स्वतःची अक्कल चालविण्याची मुभा नसते, व म्हणूनच त्याचें वेतनहि वर्षाला शेंकडा कांहीं पैसेच पडतें. त्या टोपलीचे लहान लहान भाग करून ते शेअरबाजारांत विकले-विकत घेतले जातात. आयुर्विमा महामंडळाच्या म्युच्युअल फंडानें असा निधि २०१४ सालीं काढला. पुढें इतरांनीं पांच व दहा वर्षांच्या रोख्यांचे काढले. (२०१९ सालचा "भारत बाँड" हा याच्याच भावकींतला, पण त्यांत सरकारचे नव्हे, सरकारी कंपन्यांचे रोखे आहेत. नांवांत भारत आहे एवढ्यावरून तो सरकारी कागद ठरत नाहीं.)

व्याजाचा दर आणि रोख्याचा भाव यांचें नातें रहाटगाडग्यासारखें आहे. एक वर आलें कीं दुसरें खालीं जातें. आपणांपाशीं शेंकडा ६ व्याजाचा, दहा वर्षें मुदतीचा रोखा आहे असें धरा. उद्यां सरकार तसाच नवा रोखा शेंकडा ७ नें काढूं लागलें, तर आपला रोखा शंभरांस कोण घेईल ? हिशेब केला तर त्याचा भाव ९३ च्या आसपास येतो. मुदत तीस वर्षांची असती तर ८८ च्याहि खालीं. एकच वर्ष उरलें असतें तर ९९ हून थोडा अधिक. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळांत रिझर्व्ह बँकेनें आपला रेपो दर शेंकडा ४ वरून ६.५० वर नेला, त्या फेऱ्यांत जुन्या कमी व्याजाच्या रोख्यांचे भाव उतरले. सरकारनें एकाहि सावकाराची पै बुडविली नव्हती, तरी टोपलीवाल्यांच्या खात्यांत तूट दिसत होती.

येथेंच सुटा रोखा व टोपली यांच्या वाटा फुटतात. सुटा रोखा घेऊन बसलेला गृहस्थ मध्यंतरीं भाव ९३ झाला तरी स्वस्थ राहूं शकतो, कारण दहाव्या वर्षीं ठरल्या तारखेस त्याला शंभर मिळावयाचेच आहेत. टोपलीला अशी तारीख नाहीं. रोखा जुना होऊन त्याचीं आठ वर्षेंच उरलीं, कीं त्याला बाहेर काढून नवा आंत घेतात. रामकुंडांतलें पाणी नित्य बदलतें आणि कुंड तेंच राहतें, तसा हा प्रकार आहे. ती टोपली कधीं म्हातारी होत नाहीं, म्हणून कधीं पिकतहि नाहीं. आपण ज्या दिवशीं विकूं त्या दिवशींचा भाव, एवढेंच तिचें देणें. भाव उतरल्यावर आंत येणारे रोखे जास्त व्याजाचे असतात व मिळालेलें व्याजहि टोपलींतच पुन्हां पडतें, म्हणून सात-आठ वर्षें हात न लावणाऱ्याची तूट बहुधा भरून निघते. परंतु दोन वर्षांनीं नातीच्या शिक्षणाला पैसा लागणार असेल आणि तो दहा वर्षांच्या टोपलींत ठेवला, तर फी भरण्याच्या वेळीं भाव काय असेल हें कोणींहि सांगूं शकत नाहीं.

म्हणून ज्या खर्चाची तारीख ठाऊक आहे त्यासाठीं त्या तारखेच्या सुमारास फिटणारा सुटा रोखाच घ्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे. रिझर्व्ह बँकेनें नोव्हेंबर २०२१ मध्यें "रिटेल डायरेक्ट" खात्याची सोय केली. तेथें दलालीवांचून दहा हजारांपासून सरकारी रोखा घेतां येतो, आणि सहामाही व्याज बँकेंत जमा होतें. ज्येष्ठांना तर आधीं पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजनाच भरावी. तिची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून तीस लाख झाली आहे, व्याज दर तिमाहीस मिळतें आणि भाव पडण्याचा प्रश्न तींत उद्भवतच नाहीं. टोपली कोणाला ? ज्या कमावत्या तरुणाला दहा-पंधरा वर्षें ही रक्कम लागणार नाहीं आणि दर महिन्यास थोडी थोडी घालावयाची आहे, त्याला.

घेणाऱ्यानें तीन गोष्टींची चौकशी करावी. बहुतेक अशा निधींत व्याज हातीं येत नाहीं, भावांतच मिसळतें. घरखर्चाला पैसा हवा तर भाग विकावे लागतात. दुसरें, पुष्कळ निधींना बाजारांत गिऱ्हाईक विरळ असतें. म्हणून निधीची मूळ किंमत दिवसभर जाहीर होत असते ती पाहून, आपला भाव घालूनच खरेदी-विक्री करावी, "बाजारांत मिळेल त्या भावानें" असें कधींहि लिहूं नये. तिसरें कराचें : १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा निधीवरचा नफा, तो कितीहि वर्षांनीं काढला तरी, आपल्या उत्पन्नांत मिळविला जाऊन आपल्या दरानें कर पडतो.

आणि एकत्र कुटुंबांत एक गोष्ट विशेष जपावी. भ्रमणध्वनी नातवाचा असला तरी डीमॅट खातें ज्याचा पैसा त्याच्याच नांवें असावें. नातवाच्या खात्यांत आजोबांनीं घेतलेली टोपली कायद्याला नातवाचीच दिसते. नामनिर्देशन भरून त्याची छापील प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवावी आणि ती कोठें आहे हें निदान दोघांना, त्यांतील एक घरची बाई असावी, सांगून ठेवावें. ९१, १८२ व ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांविषयीं पुढील अंकीं.